लढाईच्या दिवसांतले आमचे बालपण : बेळगाव-निपाणी, 1939 ते 1945

दुसऱ्या महायुद्धाचा सिनेमा बघता बघता नातवंडे विचारतात, "आजोबा, तुमच्या लहानपणी बेळगावात बॉम्ब पडले होते का?"

नाही पडले. इंग्लंडमधल्या पोरांच्या वाट्याला जे आले ते आमच्या वाट्याला आले नाही. तिथे 1939 च्या सप्टेंबरात मोठ्या शहरांतल्या लाखो शाळकरी मुलांना अंगावर नावाची चिठ्ठी लावून खेड्यापाड्यांत पाठवले होते. 14 नोव्हेंबर 1940 च्या एका रात्रीत कॉव्हेंट्री शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. आमच्या घरांवर आकाशातून काही पडले नाही. तरीही लढाई आमच्या घरात होती. ती पोस्टमनच्या पिशवीतून आली, वाण्याच्या दुकानातून आली, शाळेच्या घड्याळातून आली.

आम्ही म्हणजे 1930 च्या आगेमागे जन्मलेली, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मराठी शाळेची पोरे. त्या वेळी आपला हा सगळा भाग मुंबई इलाख्यात होता. आता आम्ही मोजकेच उरलो आहोत. बोलताना आम्ही "कंट्रोल", "भोकाचा पैसा", "नवा टाइम" असे काही म्हणतो आणि घरातली मुले नुसती हसतात. त्या शब्दांमागे काय होते ते सांगावे, म्हणून हे लिहितो.

पलटणीचे गाव

बेळगावला लढाई लांबची कधीच नव्हती, कारण पलटण आमच्या दारातच होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिक्षणकेंद्र 1922 पासून बेळगावात आहे. लढाई पेटली तशी भरती वाढली. कोकणातून, देशावरून, घाटमाथ्यावरून पोरे यायची. पहाटे कँपाच्या बाजूने कवायतीचे आवाज येत. अधिकारी तयार करण्याची शाळाही गावात होती. 1942 मध्ये सांबऱ्याला ब्रिटिश हवाई दलाने विमानतळ बांधला. विमानाची घरघर ऐकू आली की अख्खा वर्ग खिडकीशी जाई आणि मास्तरांची छडीही घटकाभर थांबे, कारण त्यांनाही विमान बघायचे असे.

भरती सक्तीची नव्हती. लढाईच्या अखेरीस हिंदी फौजेत 25 लाखांवर माणसे होती, ती स्वतःहून नाव नोंदवून गेलेली. पण "स्वतःहून" या शब्दाचा अर्थ आम्हाला घरोघरी वेगळा दिसला. कुणाच्या घराण्यात तीन पिढ्या पलटण होती. कुणाचे रान सावकाराकडे गहाण होते. गेलेल्या माणसाच्या पगारातला हिस्सा दर महिन्याला मनीऑर्डरीने घरी येई. पोस्टमनने अंगठा घेतला की चूल पेटणार हे पोरांनाही ठाऊक होते.

नवा टाइम आणि भोकाचा पैसा

1 सप्टेंबर 1942 ला सरकारने देशातली घड्याळे एक तास पुढे केली. उजेडाचा जास्त उपयोग व्हावा आणि वीज, कोळसा वाचावा हा हेतू. ते 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत चालले. मोठी माणसे याला "नवा टाइम" म्हणत. सकाळची शाळा असली की थंडीत आम्ही अंधारातच घर सोडत होतो. आज्जी मात्र जुन्या टाइमावरच राहिली. "सूर्याला कुणी हुकूम दिलाय?" असे ती विचारी. घरात दोन वेळा चालत, एक शाळेची आणि एक चुलीची.

पैशांचेही तसेच. तांबे लढाईच्या कामाला लागत होते, त्यात लोकांनी नाणी साठवून ठेवली, म्हणून सुटे मिळेनासे झाले. दुकानदार उरलेल्या पैशांच्या बदल्यात चिठ्ठी नाही तर पोस्टाचे तिकीट हातावर ठेवी. मग 1943 मध्ये मधोमध भोक असलेला पैसा आला. भोक पाडले की तेवढा धातू वाचतो, इतका साधा हिशेब. रुपयाचे 16 आणे आणि 64 पैसे असत. चार भोकाचे पैसे दोऱ्यात ओवून कमरेला बांधले की आम्ही एका आण्याचे मालक. त्याआधी 1940 मध्ये रुपयाच्या नाण्यातली चांदी कमी करून निम्म्यावर आणली होती आणि एक रुपयाची नोटही काढली होती. राणीछाप चांदीचे रुपये तेव्हा घरोघरी गाडग्यात गेले.

कंट्रोल

1942 मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. मुंबईत 1943 च्या मे महिन्यात रेशन सुरू झाले. साखर, रॉकेल, कापड, सगळ्यांवर सरकारी भाव आणि बंधने आली. याचेच नाव "कंट्रोल". कंट्रोलच्या दुकानापुढे रांगेत जागा धरणे हे पोरांचे काम. "काळाबाजार" हा शब्द आम्ही त्याच रांगेत शिकलो.

आपल्याकडे साखर नसली तरी गूळ होता, म्हणून चहा गुळाचा झाला. रॉकेल तुटपुंजे, म्हणून एका कंदिलाभोवती सगळी भावंडे अभ्यासाला. सरकारने स्वस्तातले जाडेभरडे कापड काढले. त्या कापडाचा सदरा थोरल्याचा धाकट्याला आणि धाकट्याचा शेवटी चुलीपुढच्या फडक्याला जाई. शहापूर-वडगावच्या मागांवर सूत मिळेना, तेव्हा त्या गल्ल्यांतला खटखटाट मध्येच थांबे. सुरुवातीला ती शांतता पोरांना बरी वाटली. विणकरांच्या घरची पोरे डबा आणीनाशी झाली, तेव्हा तिचा अर्थ कळला.

पेट्रोलही मोजून. त्यामुळे मोटारी कोळशावर चालू लागल्या. गाडीला एक उंच पिंप बसवलेले असे. त्यात कोळसा धुमसत ठेवायचा आणि निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचे. या गॅसला पेट्रोलइतका जोर नसतो. निपाणीहून बेळगावला निघालेली गाडी तवंदीच्या घाटात धापा टाकायला लागली की उतारू मुकाट्याने खाली उतरून मागून चालत.

निपाणीची वखार

निपाणीच्या पोरांची आठवण थोडी वेगळी आहे, कारण त्या गावाचा श्वासच तंबाखूचा. लढाईचा खर्च भागवण्यासाठी सरकारने 1943 मध्ये तंबाखूवर अबकारी कर बसवला. तोवर शेतकऱ्याने जर्दा विकला, व्यापाऱ्याने वखारीत भरला, की व्यवहार संपत असे. आता शेतात पिकले किती याची नोंद, वखारीला लायसन, माल हलवायला परवाना. एक्साइजचा माणूस दारात आला की घरातली कुजबूज थांबे. आमच्यातल्या कित्येकांनी सरकार म्हणजे काय ते शाळेच्या पुस्तकाआधी वखारीच्या दारात पाहिले. लढाई संपली, पण तो कर संपला नाही.

आलेली माणसे

इंग्लंडची मुले सरकारने खेड्यात पाठवली. आपल्याकडे ते नातेवाइकांनी केले. जपान लढाईत उतरल्यावर मुंबईत बॉम्बची धास्ती पसरली. 1942 च्या एप्रिलात विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडल्यावर तर गाठोडी बांधून माणसे गावाकडे आली. गिरणीत कामाला असलेल्या काकांची पोरे आमच्या घरी आली, आमच्याच ताटात जेवली, आमच्याच शाळेत बसली. कुणी त्यांना निर्वासित म्हटले नाही. दोन वर्षांनी, 14 एप्रिल 1944 ला, मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. पत्र येईपर्यंत ती पोरे रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी असत.

निपाणीकडची पोरे कोल्हापूरला गेली की परत येऊन सांगत, तिथे गोरी पोरे अनवाणी खेळतात. ते खरेच होते. वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश लोकांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना घरादारातून उठवून सैबेरियाकडे नेले होते. तिथून इराणमार्गे ते इथवर आले. गोरा माणूस म्हणजे साहेब, एवढेच आम्हाला माहीत होते. गोरा माणूसही बेघर होतो हे त्या छावणीने शिकवले.

एकाच घरात दोन वाटा

ऑगस्ट 1942 मध्ये "चले जाव" सुरू झाले. बेळगाव जिल्ह्यात तारा तुटल्या, शाळा ओस पडल्या, पोलीस घरांत शिरले. कित्येक घरांत थोरला भाऊ पलटणीत होता आणि धाकटा भूमिगत. आईने कुणासाठी दिवा लावायचा? ती दोघांसाठी लावी. पुढे स्वातंत्र्य आल्यावर धाकट्याला हार मिळाले, ते योग्यच. थोरल्याबद्दल मात्र घरातही फारसे कुणी बोलले नाही. इंग्रजांची लढाई लढला, एवढ्यावर विषय संपे. आम्हीही त्या वेळी गप्पच राहिलो, याची रुखरुख आज वाटते.

कारण ते काय लढले हे आम्हाला नंतर कळले. पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर मराठे चढले. 1942 च्या जूनमध्ये तोब्रुक पडले, तेव्हा दुसरी बटालियन शत्रूच्या कैदेत गेली. इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 ला प्राण दिला आणि 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तार

गल्लीत तार आली की बायका बाहेर येत. तार चांगल्या बातमीची नसते, हे ठरलेले. आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी ती 1944 च्या पावसाळ्यात आली. वडील इटलीत गेले एवढेच कळले. देह नाही, अस्थी नाहीत. त्याच्या आईने कितीतरी दिवस कुंकू पुसले नाही. "चूक झाली असेल, नंबर चुकला असेल," असे ती म्हणे. तो मित्र पाचवीतच शाळा सोडून वखारीत कामाला लागला. आम्ही पुढच्या वर्गात गेलो. त्याची पाटी वर्गात तशीच राहिली होती, ती कुणी नेऊन दिली नाही.

पुष्कळ वर्षांनी त्याच्या नातवाने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी शोधली. त्यात पणजोबांचे नाव, नंबर, वडिलांचे नाव आणि गाव सापडले. दहन झालेल्या हिंदी सैनिकांची नावे इटलीतल्या स्मारकांवर कोरलेली आहेत. नंबर चुकला नव्हता. आमचा मित्र ते ऐकायला उरला नव्हता.

म्हणून एक विनंती. घरातली जुनी ट्रंक उघडा. सहा टोकांचा तारा असलेले पदक सापडले तर भंगारात देऊ नका. आफ्रिका, इटली, बर्मा असे मोहिमेचे नाव पुढे असते आणि हिंदी सैनिकांच्या पदकांवर बहुधा मागे नंबर आणि नावही ठोकलेले असते. ते वाचा, वहीत उतरवा, यादीत शोधा. घरात नव्वदीची आज्जी असेल तर तिला "लढाईत काय झाले?" असे विचारू नका, ती "काही नाही" म्हणेल. तिला विचारा, भोकाचा पैसा कसा होता, रांगेत कोण उभे राहायचे, मनीऑर्डर कुणाच्या नावाने यायची. ती आपोआप बोलू लागेल. आम्हीही तसेच बोललो.