जालन्याच्या दप्तरातली फारसी

जालन्याचा मस्तगड 1725 मध्ये निजामउल्मुल्क आसफजहाच्या काळात काबिलखानाने बांधला. ती नोंद तिथल्या शिलालेखात फारसीत आहे.

इथवर आली तेव्हा या भाषेच्या मागे दोन हजारांहून अधिक वर्षांची वाटचाल होती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दारियसने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवले, त्यांतली प्राचीन फारसी संस्कृत जाणणाऱ्याला ओळखीची वाटते. तीन लिंगं, तीन वचनं, विभक्तीचे प्रत्यय, सगळं तिथे आहे. अवेस्ताची भाषाही तशीच जवळची. आपल्या ‘स’च्या जागी तिथे बहुधा ‘ह’ येतो, म्हणून सोमाचा हओम होतो. पुढे सासानी काळातल्या (इ.स. 224 ते 651) पहलवीत प्रत्यय गळाले, लिंगभेद गेला. पश्तूने मात्र तो आजही जपला आहे. अरबांच्या विजयानंतर फारसीने अरबी लिपी घेतली, नसलेल्या उच्चारांसाठी चार अक्षरं वाढवली आणि अरबी शब्द भरभरून घेतले. फिरदौसीने 1010 च्या सुमारास पूर्ण केलेला शाहनामा आजचा इराणी वाचक थोड्या प्रयत्नाने वाचतो. हजार वर्षांत इतकी कमी बदललेली भाषा विरळाच.

दख्खनमध्ये ती रुजली ती मुख्यतः 1347 मध्ये स्थापन झालेल्या बहामनी राज्याच्या कारभारातून. अकबराचा चरित्रकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असं गॅझेटियर सांगतं. पण दरबारापेक्षा कचेरीनेच ही भाषा गावोगाव नेली. पैठणच्या एकनाथांनी ‘अर्जदास्त’मध्ये देवापुढचं गाऱ्हाणं सरकारी अर्जाच्या घाटात मांडलं. त्यात जीव शेकदार होतो, बुद्धी कारकून होते. श्रोत्यांना कचेरीची ही भाषा समजत असल्याशिवाय हे रूपक जमलंच नसतं.

आजही गारपीट झाली की भोकरदन-जाफराबादचा शेतकरी तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी धावतो. यातला ‘पंच’ आपला, ‘नामा’ फारसी. ‘तहसीलदार’मध्ये तहसील अरबी आणि ‘दार’ फारसी. दार म्हणजे धारण करणारा. संस्कृतच्या ‘धृ’ धातूचंच हे इराणी भावंड. कचेरीत शिरलेलं हे नातं खरं तर बेहिस्तूनच्याही आधीचं आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. महसुली शब्द मात्र बहुतेक तेच राहिले. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. मराठवाड्यातली उर्दू दप्तरं हळूहळू न वाचता येणारी झाली. 2023 मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडीबरोबर उर्दू जाणकारांची गरज सगळ्यांना कळली.

नुसती लिपी येऊन हे काम भागत नाही. जुने कारकून अनेकदा शिकस्ता वळणात लिहीत. त्यात नुक्ते गळतात, एरवी सुटी राहणारी अक्षरं एकमेकांत अडकतात. हिशेबाच्या कागदांत ‘सियाक’ पद्धत असे, म्हणजे आकड्यांऐवजी अरबी संख्यानामांची आखूड रूपं. एक नुक्ता चुकला की माणसाचं नाव बदलतं, गावही बदलतं. मोडीचे वर्ग आपल्याकडे भरतात, ही आनंदाची गोष्ट. तसेच शिकस्त्याचे वर्ग जालन्यात भरायला हवेत, आणि त्यात मराठी घरांतली मुलं बसायला हवीत, कारण त्या कागदांत नोंदलेल्या जमिनी त्यांच्याच पणजोबांच्या आहेत.