केमसेक्स : पोलिसांच्या आणि लाजेच्या भीतीने उपचार टाळू नका

नाशिकजवळचा कारखाना, कुरकुंभची कंपनी, पुण्यात जप्त झालेला साठा... २०२३-२४ मध्ये 'एमडी'च्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. त्या बातम्यांत किलो आणि कोटींचे आकडे असतात. हा पदार्थ शेवटी कोणाच्या शरीरात जातो आणि तिथे काय करतो, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. अशाच एका गटाबद्दल आज आम्ही लिहित आहोत. तो गट म्हणजे पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष : समलैंगिक, उभयलैंगिक, आणि स्वतःला कोणतेही नाव न देणारे, लग्न झालेलेसुद्धा.

केमसेक्स म्हणजे काय?

लैंगिक संबंधांच्या वेळी ठरवून अमली पदार्थ घेणे याला 'केमसेक्स' म्हणतात. हा शब्द लंडनमधील समलैंगिक पुरुषांच्या वर्तुळातून आला. तिथे मुख्यतः तीन पदार्थांची चर्चा होते : मेफेड्रोन (आपल्याकडचे एमडी किंवा 'म्याऊ म्याऊ'), क्रिस्टल मेथ आणि जीएचबी/जीबीएल हे द्रव. आपल्याकडे डेटिंग ॲपवर याच प्रकाराला 'हाय फन' म्हणतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सगळे समलैंगिक पुरुष हे करत नाहीत, आणि नशा करून संबंध ठेवणारे विषमलैंगिक लोकही आहेत. कोणत्याही समाजाला बदनाम करण्यासाठी हा लेख नाही.

मुले याकडे का वळतात?

'मजा म्हणून' हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. लहानपणापासून 'तू घाण आहेस' असे ऐकलेल्या माणसाला नशेत काही तास लाज वाटत नाही. घरी लग्नाचा तगादा असतो, ऑफिसात खोटे बोलावे लागते, शरीराविषयी न्यूनगंड असतो. अशा वेळी एखादी खोली आणि चार माणसे त्याला आपलेसे करतात. म्हणून 'नशा सोड' एवढे सांगून भागत नाही. सोडल्यावर तो कोणासोबत बसणार, याचाही विचार करावा लागतो.

शरीरावर काय परिणाम होतात?

एमडी आणि क्रिस्टल मेथ यांमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. दोन-दोन दिवस झोप आणि भूक लागत नाही. काहींना भास होतात, कोणीतरी पाठलाग करत आहे असे वाटते. अंमल उतरल्यावर येणारी उदासी इतकी खोल असते, की आत्महत्येचे विचारही येतात.

जीएचबी/जीबीएलचा धोका वेगळा आहे. अंमल चढणे आणि बेशुद्ध पडणे यांत अंतर फार कमी असते. सोबत दारू घेतली तर श्वास थांबू शकतो. 'पॉपर्स' आणि ताठरतेच्या गोळ्या एकत्र घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळतो.

नशेत कंडोम राहून जातो आणि संबंध तासन् तास चालतात. त्यामुळे एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया यांचा धोका वाढतो. सुई एकमेकांची वापरली तर हेपॅटायटिस सी होऊ शकतो. नाकाने ओढण्याची नळी वाटून घेण्यातही तो धोका आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गोळ्या चुकतात. शिवाय रिटोनाविरसारखी काही औषधे या पदार्थांचा अंमल धोकादायक प्रमाणात वाढवतात.

आणखी एक प्रश्न संमतीचा. शुद्धीवर नसलेला माणूस 'हो' म्हणू शकत नाही. आमच्याशी बोलताना अनेकांना 'तेव्हा माझ्यावर जबरदस्ती झाली' हे म्हणायलाच फार वेळ लागतो. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखे कलमच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी स्वतंत्र गुन्हा उरलेला नाही.

त्या रात्री काय करावे?

मित्र बेशुद्ध पडतो. बाकीचे घाबरतात : पोलीस येतील, घरी कळेल. 'झोपू दे, उतरेल' म्हणून त्याला तसेच सोडले जाते. जीव जातो तो अशा वेळी.

हाक मारून, हलवून तो जागा होत नसेल, तर १०८ला फोन करा. त्याला कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी घालू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका, एकटे सोडू नका. काय काय घेतले, ते डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसी सोपस्कारांपेक्षा जीव वाचवणे आधी, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे.

एचआयव्हीची शंका असेल तर लगेच डॉक्टरांना भेटा. 'पेप' ही औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. वारंवार धोका असणाऱ्यांनी 'प्रेप'बद्दल विचारावे. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची चाचणी आणि उपचार मोफत आहेत. हेपॅटायटिस सीचे मोफत उपचारही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळतात. एचआयव्हीसाठी १०९७, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ या हेल्पलाइन आहेत.

कायदा काय म्हणतो?

सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलैंगिक संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा नाहीत. अमली पदार्थ घेणे हा मात्र एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई करतो. तरीही काही व्यसनमुक्ती केंद्रांत 'आधी याचे समलैंगिकपण बरे करू' असे आम्ही ऐकले आहे. समलैंगिकता हा आजार नाही. असे बोलणाऱ्या केंद्रात मुलाला ठेवू नका.

घरच्यांसाठी

पंचशीलातले पाचवे शील आपण सारे म्हणतो. ते स्वतःला घालून घ्यायचे वळण आहे; घसरलेल्या मुलाला त्यावरून घराबाहेर काढावे, असे त्यात कुठेही नाही. मुलगा दोन दिवस गायब होऊन घरी आला, वजन उतरले, तर चौकशीआधी जेवायला वाढा, झोपू द्या. मग विचारा. 'काहीही झाले, कितीही वाजले तरी आम्हाला फोन कर' एवढे एक वाक्य त्याला आजच सांगून ठेवा.