एका संख्येची दोन ओळखपत्रे

२,१४,७४,८३,६४७. वरवर पाहता या आकड्यात लक्षात राहण्याजोगे काही नाही. मात्र दोनच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की हीच संख्या मिळते आणि तिचे सारे महत्त्व या घडणीत दडलेले आहे.

ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक मर्सेन यांचे नाव दिले गेले. त्या मालिकेतील ही आठवी. मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ३१ हा घातांक होता. पण पुढे चुकीचा ठरलेला ६७ही होता. म्हणजे केवळ यादी पुरेशी नव्हती, सिद्धता हवी होती.

ती लिओनार्ड ऑयलर यांनी दिली. १७७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सरधोपट मार्गाने जायचे तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या ४,७९२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. मात्र विभाजक असलाच तर त्याला २४८ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरली पाहिजे, हे ऑयलर यांनी हेरले. या अटीत बसणाऱ्या संख्या जेमतेम पावणेचारशे. त्यांतल्याही फक्त मूळ संख्या तपासणे पुरेसे होते.

या संख्येला दोनच्या तिसाव्या घाताने गुणले की ‘परिपूर्ण संख्या’ मिळते. ६ = १ + २ + ३ याप्रमाणे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते. ते भाकीत साफ फसले. २०२४ मध्ये सापडलेली मर्सेन मूळ संख्या तर चार कोटींहून अधिक अंकांची आहे.

दुसरी ओळख संगणकातली. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने एकतीस एक. बत्तीस बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखले, की उरलेल्या एकतिसांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. येथे तिच्या मूळ असण्याचा काही संबंध नाही. दोन्ही ओळखींना जोडते ती केवळ तिची घडण.

ही मर्यादा केवळ पुस्तकी नाही. अनेक संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. बत्तीस बिटांची ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचेल. पुढच्याच सेकंदाला आकडा ऋण होईल आणि न सुधारलेले यंत्र डिसेंबर १९०१ची तारीख दाखवू लागेल.

चौसष्ट बिटांची मोजणी हा त्यावरचा उपाय. ती अब्जावधी वर्षे पुरेल. नव्या संगणकांत तो बहुतांशी झालेला आहे. खरा प्रश्न आहे तो एकदा बसवल्यावर वर्षानुवर्षे कोणी उघडूनही न पाहिलेल्या यंत्रांचा. ती वेळीच शोधून काढावी लागतील.