लेमिंगचे साल आणि ठाण्याची खाडी

ठाण्याची खाडी म्हटली की रोहित पक्ष्यांचे थवेच डोळ्यांपुढे येतात. परंतु तेथील चिखलावर उत्तरेकडचे लहान पक्षी त्यांच्या बरेच आधी, ऐन पावसाळ्यात, ऑगस्टपासूनच उतरू लागतात, कारण त्या सुमारास उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, म्हणजे वृक्षहीन आणि वर्षाचा बहुतेक काळ गोठलेल्या प्रदेशात, तोकडा उन्हाळा सरत आलेला असतो. उथळ पाण्यात व चिखलात चालत भक्ष्य टिपणाऱ्या या पक्ष्यांना पक्षिनिरीक्षक वेडर म्हणतात. चिखले, टिलवे, तुतवार, पाणटिवळे हे सारे त्यांतलेच.

त्यांपैकी कर्ल्यू सँडपायपर या बाकदार चोचीच्या पक्ष्याची कथा विशेष विलक्षण आहे. त्याची वीण सैबेरियाच्या उत्तर टोकाला होते. नर अंडी-पिल्लांची जबाबदारी मादीवर टाकून सर्वांत आधी दक्षिणेकडे निघतो, मागाहून माद्या निघतात, आणि पिल्ले सर्वांत शेवटी, वाट दाखवणारे कोणी वडीलधारे सोबत नसताना, केवळ उपजत दिशाज्ञानावर हजारो किलोमीटरांचा प्रवास करतात. त्यामुळे हंगामाच्या आरंभी दिसणारे पक्षी बहुधा प्रौढ असतात, त्यांची पिसे झिजलेली असतात व पोटावर विणीच्या काळातला विटकरी रंग अजून रेंगाळत असतो. पुढे येणाऱ्या पिल्लांच्या पाठीवर मात्र प्रत्येक ताज्या पिसाला फिकट किनार असल्याने खवल्यांसारखी नक्षी उमटलेली दिसते.

हा फरक ओळखता आला, तर खाडीकाठी उभे राहून सैबेरियातील उन्हाळा कसा गेला याचा अंदाज बांधता येतो. टुंड्रातील लेमिंग या कुरतडणाऱ्या छोट्या प्राण्याची संख्या काही वर्षांच्या अंतराने वाढते आणि कोसळते. ती भरपूर असते तेव्हा ध्रुवीय कोल्हे लेमिंगवरच पोट भरतात, आणि ती कोसळली की पक्ष्यांच्या अंड्यांकडे व पिल्लांकडे वळतात, म्हणूनच थव्यातील पिल्लांचे प्रमाण साल-दरसाल इतके बदलते.

थव्यातील प्रौढ व पिल्ले यांची मोजणी भरती-ओहोटीवर अवलंबून असते. ओहोटीला पक्षी दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकत येतात, आणि उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासच्या मोठ्या भरतीत सारा चिखल बुडाल्यावर मिठागरांत व तळ्यांत दाटीने विसावतात. खाडीच्या एका भागाला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु नेरूळच्या पाणथळींसारखे भरतीचे आसरे अभयारण्याच्या सीमेबाहेर राहिले. असा आसरा भराव घालून बुजवला, की लांबच्या प्रवासाने आधीच रोडावलेल्या पक्ष्यांना भरती ओसरेपर्यंत हवेत घिरट्या घालत उरलीसुरली चरबी जाळावी लागते, आणि प्रौढ कोणते व पिल्ले कोणती हे जवळून पाहण्याची जागाही नाहीशी होते.