वाटणी आधी, विक्री मागून

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ साली चिपीचा विमानतळ उघडला आणि मालवण किनाऱ्यावरील कौलारू घरांना गिऱ्हाईक आले. घर विकण्यास आमचा विरोध नाही. परंतु सातबाऱ्यावर दहा नावे असता मुंबईच्या भावाने आपला हिस्सा परस्पर विकावा आणि गावातील वृद्ध काकूंना पडवीत परका मनुष्य दिसावा, हा व्यवहार नव्हे. मृत्युपत्राविना वारशाने आलेला हिस्सा विकताना सहवारसांना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अग्रहक्क दिला आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदारास सामाईक ताबा मागता येत नाही, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. हे हक्क कागदावरच राहतात, कारण सहहिस्सेदार एकमेकांशी बोलतच नाहीत.

खरेदीदारासही एक सांगणे आहे. जांभ्याच्या भूमीत पावसाचे पाणी झरझर निघून जाते; वैशाखात विहिरी तळ गाठतात. तेथे हिरवळीसाठी टँकर मागविणे हा शेजाऱ्यांच्या घागरीवर घाला होय. माड, रातांबा, सुरंगी लावावी. खळे आणि तुळस राखावी. घराचा मालक बदलला, तरी गावाचे पाणी गावाचेच राहते.