जुन्या रेसिपीत फक्त तापमान बदललं, तर पेटंट मिळतं का?

पाण्याची बाटली ज्या ‘पेट’ प्लास्टिकची असते, ते मुख्यतः खनिज तेलापासून बनतं. त्याला वनस्पतीजन्य पर्याय म्हणून ‘पीईएफ’कडे पाहिलं जातं. त्यासाठी लागणारं एफडीसीए हे रसायन साखरेपासून तयार करता येतं. ते बनवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट टिकणार का, यावरून अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि सिन्व्हिना या कंपन्या भिडल्या.

वाद काय होता?

सिन्व्हिनाच्या पेटंटमधली कृती अशी: कोबाल्ट, मँगनीज आणि ब्रोमाइडचा उत्प्रेरक, ॲसेटिक ॲसिड, १४० ते २०० अंश सेल्सिअस तापमान आणि १ ते १० बार ऑक्सिजन दाब.

ड्यूपॉन्टचं म्हणणं होतं, यात नवं काय? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पेटंट अर्जात हाच उत्प्रेरक होता. त्यात तापमान ५० ते २५० अंश होतं.

निकाल कसा फिरला?

पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने सिन्व्हिनाच्या बाजूने कौल दिला. ड्यूपॉन्ट फेडरल सर्किट न्यायालयात गेली. ‘तुमच्यावर खटलाच नाही, मग अपील कशाला?’ असा सिन्व्हिनाचा आक्षेप होता. पण ड्यूपॉन्टने एफडीसीएचा प्रात्यक्षिक कारखाना उभारला होता. त्यामुळे धोका खरा आहे, असं न्यायालयाने मानलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने मंडळाचा निर्णय उलटवला. जुन्या आणि नव्या मर्यादा एकमेकींत मिसळत असतील, तर आपल्या आकड्यांत खास काय आहे हे पेटंटधारकाने दाखवायला हवं. उदाहरणार्थ, त्यातून अनपेक्षित परिणाम मिळतो का? सिन्व्हिनाला ते दाखवता आलं नाही. तापमान-दाब कमी-जास्त करून उत्पादन वाढवणं हे रसायनतज्ज्ञाचं नेहमीचंच काम, असं न्यायालयाचं मत पडलं.

आपल्याकडे काय?

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) नुसारही, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीत ‘संशोधनाची पायरी’ धरली जात नाही.

पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. आकडे बदलून ती मिळू लागली, तर जुनी, सर्वांना खुली असलेली पद्धत वापरणाऱ्यांचीही वाट अडू शकते. अर्थात, तापमान बदलून खरोखरच अनपेक्षित काही हाती लागलं, तर पेटंटचा दरवाजा उघडाच आहे.