साष्टीचं पाणी

मेट्रोच्या मागाठाणे स्थानकात उतरणाऱ्या प्रवाशाला आपण भिक्षूंच्या शेतात पाय ठेवतोय, असं कुणी सांगत नाही. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या एका शिलालेखात इथल्या शेताचं दान नोंदवलेलं आहे. या शेतावर भिक्षूसंघाचा योगक्षेम चालावा, अशी दात्याची इच्छा होती. दीड हजार वर्षांहून जुनी ही नोंद वाचली, की महामार्ग आणि मनोऱ्यांखालचं खेडं दिसू लागतं. माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेली साष्टी हे मुळात खेड्यांचं बेट. 1803मध्ये शीवचा आणि 1845मध्ये माहीमचा बांध झाला, 1853मध्ये रेल्वे आली आणि साष्टी बेट आहे याचाच लोकांना विसर पडला.

या बेटाचा इतिहास पाण्याच्या अंगानं वाचावा, असं मला वाटतं. चारी बाजूंना खारं पाणी आणि गोडं पाणी काय ते चार महिन्यांच्या पावसाचं. कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत. पर्यटक तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातल्या खांबांपाशी रेंगाळतो. मला मात्र लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, अधिक खिळवून ठेवतात. डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी त्यांत उतरतं आणि पाऊस सरल्यावरही साठून राहतं. हे टाकं अमक्यानं दिलं, असं लेखांत लेण्याच्या बरोबरीनं नोंदवलेलं असतं. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे, चौलचे. नव्वदाव्या लेण्यात तर 1009 आणि 1021 या सालांतले पहलवी लिपीतले लेखही आहेत. इथं येऊन गेलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी आपली नावं त्यांत कोरून ठेवली.

बोरिवलीजवळच्या एकसर गावातले वीरगळ, म्हणजे वीरांचे स्मृतिशिळा, या बेटाची दुसरी बाजू दाखवतात. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं, त्यांवरचे धनुर्धारी आणि वर स्वर्गाला निघालेले वीर. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी अनेक अभ्यासक ते जोडतात, तर काही जण त्यांना त्याहून जुने मानतात. साल कोणतंही असो, इथल्या पाथरवटाला जहाज ठाऊक होतं, हे दगडच सांगतो.

खारं पाणी अडवणं आणि गरजेपुरतं आत घेणं ही आगऱ्यांची विद्या. बांध घालून खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात पिकवायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. मिठागरात उलट: उधाणाचं पाणी आत घ्यायचं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि उन्हावर सोपवायचं. भाईंदरच्या राई-मुर्ध्याकडे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेलं. उत्तन-मढचे कोळी भरती-ओहोटीच्या वेळा पाहून डोल जाळी लावतात. ओढीबरोबर मासळी आपसूक जाळ्यात शिरते. मग बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या दोरीवर टांगायच्या. वारा आणि ऊन पुढचं काम करतात.

या साऱ्याचा मेळ गावठाणांतल्या ईस्ट इंडियन घरांत दिसतो. 1534च्या तहानं साष्टी पोर्तुगिजांकडे गेली आणि इथली अनेक शेतकरी, कोळी कुटुंबं ख्रिस्ती झाली. 1737मध्ये मराठे आले, 1774मध्ये इंग्रज. 1887मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, समाजानं ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. तरी घरातली बोली मराठीच राहिली, लुगडं राहिलं आणि लग्नातलं उंबराचं पाणीही राहिलं. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी भरायचं आणि त्यानं नवरीला, नवऱ्याला न्हाऊ घालायचं. ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण येतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात.

चैत्र-वैशाखात बॉटल मसाल्याची धांदल. मिरच्या, धणे, हळद आणि वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे आणि लाकडी मुसळांनी कुटायचे. कुटणाऱ्या बायकांचा ताल एकमेकींशी जमलेला असावा लागतो, नाहीतर मुसळं आपटतात. मग मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर वास टिकतो. प्रमाण घराघरांत वेगळं. याच मसाल्यातलं मटण खायला तांदळाच्या भाकऱ्या, आणि सणाला नारळाच्या दुधात मळून, आंबवून तळलेल्या फुग्या.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1924मध्ये महिकावतीची बखर छापली, म्हणून या किनाऱ्यावरची गावं आणि कुळं अभ्यासकांपुढे आली. गावठाणांतल्या विहिरी, खाजणांचे बांध, उघाड्या आणि मिठागरांच्या नावांचंही तसंच दप्तर व्हायला हवं. ते आधी आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन म्हाताऱ्यांच्या तोंडून उतरवून घ्यावं, कारण कोणत्या उघाडीतून कोणत्या तिथीला पाणी सोडायचं हे त्यांना अजून सांगता येतं.